गुरुवारची गळकी पिशवी

इमारतीत अशी बोलवा होती की तळमजल्यावरच्या लाँड्रीमावशी घरचं सगळं धुणं हॉस्पिटलच्या मशीनमध्ये धुऊन आणतात. फुकटात, साबणासकट.

बोलवेचं मूळ दुसऱ्या मजल्यावर. तिथले निवृत्त हेडक्लार्क आधी घसा साफ करायचे. "अहं... तसं आपल्याला काय करायचंय म्हणा." हे वाक्य आलं की समजावं, आता अर्धा तास तेच करायचंय. "पण दर गुरुवारी बाईंच्या हातात ती निळी पिशवी असते. आणि पिशवीतून पाणी गळतं. मी काही बोलत नाही. पाणी बोलतं."

पाणी बोलत होतं हे मात्र खरं. मावशी सुटीच्या दिवशी पिशवी घेऊन निघाल्या की दारापासून फाटकापर्यंत टप्, टप्, टप्, थेंबांची रांग. आता, हॉस्पिटलात धुवायचं असेल तर घरून ओलं कशाला न्यायचं, तेही सुटीच्या दिवशी? असला क्षुद्र प्रश्न कोणाला पडला नाही. "भिजवून नेत असतील. मुरायला," हेडक्लार्कांनी निकाल दिला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आगाऊ मुलीने तर मावशींच्या चालण्याची नक्कलच बसवली होती. एक खांदा खाली, तोंडाने टप्-टप्. जिन्यात रोज प्रयोग, प्रेक्षक हाउसफुल्ल.

खरी गोष्ट इतकी साधी होती की कोणी विश्वास ठेवला नसता.

मावशी बावीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत होत्या. बावीस वर्षांत तिथल्या मशीनमध्ये त्यांचा हातरुमालसुद्धा गेला नाही. तिथे 'खाजगी कपडे टाकू नयेत' अशी पाटी आहे, ती लागलीच मुळी मावशींच्या तक्रारीवरून. वॉर्डबॉयचे मोजे ऑपरेशनच्या चादरींत निघाले होते. दिवसभर माणूस उभा राहील एवढाली मशीनं हाकायची आणि संध्याकाळी घरी येऊन बादलीपुढे उकिडवं बसायचं, असा त्यांचा संसार. हलवायाने घरी गूळ चाटावा तसं.

मग उजव्या मनगटाने संप पुकारला.

"पिळणं बंद," डॉक्टर म्हणाले.

"किती दिवस?"

"मनगट किती दिवस हवंय?"

मावशींनी मनात हिशेब केला. निवृत्तीला चार वर्षं होती. मनगट गेलं तर चादरींच्या घड्या गेल्या, आणि घड्या गेल्या की बदली टोकनच्या खिडकीत. खिडकीत बसून 'पुढचा नंबर' म्हणत चार वर्षं काढायची, या कल्पनेनेच त्यांना डॉक्टरांपुढे उचकी लागली. शिवाय त्यांच्या खोलीसमोर भिंत. ऊन येतं ते फक्त कॅलेंडरवरच्या चित्रात. न पिळलेले कपडे तिथे तीन दिवस लोंबकळतात आणि चौथ्या दिवशी वास मारतात. तेव्हा धुणारं मशीन हवं आणि वाळवणारंही. स्वस्तातलं. नवं, जुनं, कसलंही.

पहिल्यांदा दुकान. सोबत धाकटा भाऊ, कारण टेंपो त्याचा. दुकानातल्या टायवाल्या पोराने मशीनवर असा हात ठेवला, जणू स्वतः जन्म दिलाय. "मॅडम, हे मशीन विचार करतं."

"मला विचार करणारं नको. विचार करणारे आमच्या इमारतीत आहेत. धुणारं दाखवा."

"मॅडम, ह्यात चौदा प्रोग्रॅम आहेत."

"आमच्याकडे तीन आहेत. साधं, मळकं आणि रक्ताचं."

पोराचा टाय जागच्या जागी सैल झाला. मावशींनी दार उघडून आतलं पिंप हाताने फिरवलं, कान लावला, आणि निळी पिशवी उघडली. आत दोन ओलेचिंब टॉवेल. हीच ती कुप्रसिद्ध पिशवी. मशीन कधी कोरडं बघायचं नाही, ओल्या ओझ्याखाली ते कसं वागतं ते बघायचं, हा लाँड्रीचा नियम. रिकामं मशीन सगळंच छान फिरतं.

"मॅडम, डेमोला पाणी, लाइट काही जोडलेलं नाही!"

"मग दाखवताय काय? पत्रा?"

किंमत ऐकून तसेही ते टॉवेल पिशवीत परतले असते. तेव्हापासून वापरलेल्या मशीनचा शोध सुरू झाला. दर गुरुवारी एक घर. एका गृहस्थांनी 'फक्त दोन वर्षं वापरलंय' म्हणून सांगितलेल्या मशीनच्या रबरात मावशींना बाळाचा मोजा सापडला. बाळ शेजारी बसून दहावीचा अभ्यास करत होतं. दुसरीकडे पिंप फिरवताच आतून खर्र आलं. "बेअरिंग गेलंय," मावशी म्हणाल्या. "छे, ते नॉर्मल आहे," मालक म्हणाले. तिसरं मशीन टॉवेल पिळायला लागलं आणि थरथरत बाथरूमच्या दारापर्यंत स्वतःहून निरोप द्यायला आलं.

"ताई, तू मशीन बघतेयस की नवरा?" भाऊ करवादायचा. "दोष नसलेलं कुठे मिळतं?"

"नवरा बघताना टॉवेल नेले नव्हते. म्हणून तर आता नेते."

सातव्या गुरुवारच्या आधी ती जाहिरात आली. मावशींनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून जिन्यात मोठ्याने वाचली. "'वॉशर आणि ड्रायर, जोडीने. वॉशर उत्तम. ड्रायर फिरतो, गरम होतो, पण कपडे वाळत नाहीत. भंगारच्या भावात न्या.'" आणि त्या हसू लागल्या. "जाळी! जाळी तुंबलीय मेल्यांची. ड्रायरला काही झालेलं नाही."

तिसऱ्या मजल्यावरची आगाऊ मुलगी नेमकी प्रयोगाच्या तयारीत तिथेच होती. "मग मजा आहे, मावशी. तोंड बंद ठेवायचं आणि उचलून आणायचं."

"सांगावं लागेल ना त्यांना."

"त्यांचा भाव बघून गप्प बसाल तुम्ही. लावा पैज!"

"लावली. हरलीस तर माझ्या पिशवीची खरी गोष्ट अख्ख्या इमारतीला सांगायची. सगळ्यांना."

विक्रेत्यांचं घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. दारात एक साहेब, मागे त्यांची बायको. बोलताना साहेब प्रत्येक वाक्याला सही केल्यासारखी मान हलवायचे. आत खुर्च्या, सोफा, टीव्ही, सगळ्यावर ओले कपडे पसरलेले. बसायला जागा म्हणून नाही.

"वॉशरला तोड नाही," साहेब म्हणाले. सही. "ड्रायरची मोटर वीक झाली. मला आवाजावरूनच कळतं." सही. "नवीन जोडी उद्याच येतेय." सही.

टॉवेल वॉशरमध्ये गेले. मावशींनी तळवा पत्र्यावर ठेवला आणि डोळे मिटले. मशीन वेग घेत गेलं, घुंम्म्म, एका सुरात, कुठे खर्र नाही की ठक नाही. टॉवेल बाहेर आले तेव्हा त्यातून एक थेंब पडला नाही. मावशींनी ते उगाच दोनदा झटकले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या मनगटाला काही करावं लागलं नव्हतं.

मग त्या ड्रायरपुढे बसल्या. दाराच्या खालच्या खाचेत बोट घातलं.

"ते काढायचं नसतं," साहेब म्हणाले. "फिक्स असतं ते."

"किती वर्षं फिक्स आहे?"

"घेतल्यापासून."

भावाने मावशींच्या पायावर पाय दिला. मग खोकला. मग पुन्हा पाय. जोडीचा भाव मावशींकडे होता त्याच्या आत बसत होता. खाली टेंपो उभा होता. खोलीत दुसऱ्या दिवशी वाळलेले, गरम, वास नसलेले कपडे असते. मावशी बोट खाचेत ठेवून इतका वेळ गप्प राहिल्या की भावाच्या चेहऱ्यावर चक्क आनंद उमटू लागला.

"अहो," मावशी साहेबांच्या बायकोकडे वळल्या, "हे बघा."

जाळी ओढली. तिच्यासोबत कपड्यांतून झडलेल्या तंतूंची राखाडी, जाडजूड वळी बाहेर आली. तिची एखादी गोधडी झाली असती.

"आमच्याकडे ही जाळी दर शिफ्टला दोनदा साफ करतात. ही तुंबली की हवा जात नाही, आणि कपडे वाळत नाहीत ते सोडा, आग लागते. उद्या नवीन आणलात तरी त्यातही हेच होणार. म्हणून सांगितलं."

भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

टॉवेल आत गेले, ड्रायर सुरू झाला. पाऊण तासाने बाईंनी आतला टॉवेल काढला, गालाला लावला, आणि खोलीभर पसरलेल्या ओल्या कपड्यांवरून नजर फिरवत ती नवऱ्यावर आणून ठेवली. "आठ महिने. आठ महिने मी ह्या खुर्च्यांवर चड्ड्या वाळवतेय. आवाजावरून कळतं म्हणे!"

"म्हणजे, टेक्निकली..." साहेबांची मान अर्ध्यात अडकली. सही झालीच नाही.

"फोन करा. नवीन ड्रायर रद्द. हा राहतोय." मग मावशींना, अगदी मायेने, "तुमचे फार उपकार झाले हो. वॉशर न्या तुम्ही. निम्मेच द्या."

असा मावशींना खरेपणाचा मोबदला मिळाला: ड्रायर सोडून बाकी सगळं.

टेंपोत भावाने गिअर दाणकन टाकला. मग एकदम म्हणाला, "ताई, एक विचारू? एवढं सांगितलंस, तर त्यांची लिफ्टही दुरुस्त करून यायचं होतं ना. मशीन चार मजले मी उतरवलं."

"वॉशर फिरवताना ऐकलास ना आवाज?" मावशी म्हणाल्या. त्या दुसऱ्याच जगात होत्या. मांडीवर दोन कोरडे, गरम टॉवेल होते आणि उजवा हात त्यांच्यात खुपसलेला होता.

आता वॉशर तळमजल्यावर आहे. मावशी सकाळी चादरींच्या घड्या घालतात, मनगटाचा पट्टा सैल झालाय, आणि टोकनच्या खिडकीत दुसरंच कोणी 'पुढचा नंबर' म्हणतंय. कपडे एका दिवसात वाळतात. पावसाळ्यात काय, ते बघू. ड्रायरचा शोध चालू आहे, म्हणून गुरुवारी निळी पिशवी निघतेच. फक्त तिच्यातले टॉवेल आता मशीनने पिळलेले असतात. दारापासून फाटकापर्यंत एक थेंब नाही.

हेडक्लार्कांनी याचीही नोंद घेतली आहे. "अहं... आपल्याला काय करायचंय म्हणा. पण आता हॉस्पिटलात पिळूनही आणतात वाटतं."

तिसऱ्या मजल्यावरची ती आगाऊ मुलगी मी. पैज मी हरले, म्हणून हे लिहून जिन्यातल्या फळ्यावर लावतेय, चारही मजल्यांनी वाचावं. मावशींना आधी वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "हेडक्लार्कांचा आवाज चांगला काढतेस. आता माझा काढ बघू. पण थेंब तर संपले, त्या टप्-टप्चं काय करणारेस?"