बिनतारखेचा राजीनामा

लालासाहेबांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, त्यातली बहुतेक सातारा–सांगली गाडीवर. भांडणं मिटवायला ते तिथंच शिकले. खिडकीजवळच्या जागेवरून दोघं हातघाईवर आले की ते मधे जाऊन उभे राहायचे आणि आधी एकाच्या गावाची चौकशी करायचे, मग दुसऱ्याच्या. आष्टा येईपर्यंत त्या दोघांत कुठली तरी लांबची सोयरीक निघायचीच. नाही निघाली तर लालासाहेब ती जुळवून द्यायचे.

निवृत्त होऊन ते कोरेगावच्या पुढं आपल्या गावी येऊन राहिले आणि गावानं त्यांना बांधाच्या भांडणांत, भावकीच्या वाटण्यांत ओढलं. गावासाठी ते आण्णा झाले. ओढलं म्हणायचं एवढंच, त्यांना ते मनापासून आवडायचं. दारात कुणी दिसलं की ते शर्टाच्या खिशाला पेन लावून बाहेर यायचे. बायको गेलेली, एकुलती एक प्रांजल सांगलीला विश्रामबागेत हॉस्टेलवर राहून एमएस्सी करत होती. घर रिकामं होतं, तेवढी ओसरी भरलेली असायची.

दोन हजार एकवीसच्या निवडणुकीत ग्रामपंचायतीच्या नऊ जागांची अशी काही वाटणी झाली की कुणालाच झोप लागेना. जुन्या पार्टीचे चार, जयराजचे तीन, आणि चंद्राबाईंच्या घरचे दोन. सरपंचपद बाईसाठी राखीव होतं. जयराजची बायको राजेश्वरी निवडून आलेली होती, आणि चंद्राबाईही. तिघांनी दोघांना धरलं तर सत्ता, नाहीतर घरी बसायचं. मग अर्थातच मंडळी आण्णांच्या ओसरीवर आली.

आण्णांनी तोड काढली. पहिली अडीच वर्षं राजेश्वरी, पुढची अडीच वर्षं चंद्राबाई. आणि पुढं कुणी शब्द फिरवू नये म्हणून राजेश्वरीनं राजीनामा आजच लिहून द्यायचा. खाली सही करायची, तारीख मोकळी सोडायची. कागद आण्णांच्या पेटीत राहील आणि वेळ आली की तारीख आण्णा टाकतील. बिरदेवाच्या देवळात दोन्हीकडच्या पुरुषांनी भंडारा उचलला. देवळाबाहेर मटणाचं जेवण शिजत होतं. राजेश्वरी तिथंच, भाकरी थापणाऱ्या बायकांत.

सहीची वेळ आली तेव्हा आण्णा म्हणाले, "वैनीला हाक मारा."

"तिचं हात पिठात हायती," जयराज म्हणाला. "आनि तिची सही म्हंजी माझीच की, आण्णा. आणा हिकडं."

आण्णांनी खिशातलं पेन काढून दिलं. जयराजनं बायकोचं नाव वळणदार लिहिलं. दहा-बारा माणसं बघत होती, पण कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आण्णांनाही नाही. कागद पाकिटात गेला आणि सगळे जेवायला उठले.

आघाडी सहा महिन्यांतच कुरकुरायला लागली. चंद्राबाईंचा मुलगा शिवतेज सगळीकडे सांगत सुटला, की जयराज अडीच वर्षांनी खुर्ची सोडणार नाही आणि आण्णा त्याच्याच बाजूचे आहेत. हे बोलणं आण्णांच्या फार जिव्हारी लागलं. एका बैठकीत चंद्राबाई सहज म्हणाल्या, "आण्णा, तुमची पोरगी आमच्यात दिली तर आमचा इस्वास बसंल बघा." शिवतेज चांगला पोरगा होता. निर्व्यसनी, ट्रॅक्टर-ट्रॉलीचा धंदा, नावावर सहा एकर ऊस. आण्णांनी त्याच बैठकीत होकार दिला. प्रांजल विश्रामबागेतून आली तेव्हा सुपारी फुटलेली होती. एमएस्सीचं शेवटचं वर्ष राहिलं. लग्न झकास झालं, आघाडी टिकली, आणि पुढं वर्षभर आण्णा ताठ मानेनं हिंडले.

त्याच वर्षी जयराजचा पाय मोटरसायकलवरून पडून मोडला. तोवर ग्रामपंचायतीत खुर्चीवर तोच बसायचा आणि राजेश्वरी घरी आलेल्या कागदांवर सह्या करायची. तो अंथरुणाला खिळल्यावर ती स्वतः जायला लागली, आणि त्याचा पाय बरा झाल्यावरही जायची थांबली नाही. ठराव वाचल्याशिवाय सही करेना. खालच्या वस्तीच्या नळाचं काम तिनं कोरेगावला दहा खेपा घालून मंजूर करून आणलं. जयराज गावभर सांगायचा, "आमची बाय लय हुशार निगाली," पण हसताना त्याचा चेहरा जरा आंबट असायचा.

तेवीस सालचा ऑगस्ट उजाडला आणि शिवतेज आला. जावई म्हणून आण्णांनी चहा ठेवला. तो बसला नाही.

"आण्णा, अडीच वर्षं झाली. कागद काढा."

"खालच्या वस्तीचं काम हुंदे की. दोन-तीन महिन्यांचा तर..."

"ते आमी बी करू." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "घरात लय तापल्यात समदी. प्रांजलला त्याचा त्रास हुतोय. तुमचं तुमी बघा."

दुसऱ्या दिवशी जयराज आला. त्याला खुर्ची सोडायची नव्हती. "आण्णा, पाकीट गहाळ झालं म्हना. उंदरानं खाल्लं म्हना. तुमाला कोन इचारतंय?"

तिसऱ्या दिवशी राजेश्वरी आली. ती उंबऱ्याशीच थांबली. "आण्णा, माझा राजीनामा म्हनं तुमच्या पेटीत हाय. मी कवा दिला वो?"

तिला हे माहीतच नव्हतं! अडीच वर्षं अख्ख्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट तिच्यापर्यंत गेली नव्हती. आण्णांनी खिशातलं पेन चाचपलं. "सभेत बघू," एवढंच ते बोलले. ती उंबऱ्यावरूनच माघारी फिरली.

आण्णा पुरते कात्रीत सापडले. कागद दिला तर या बाईचा घात, आणि नाही दिला तर लेकीचे हाल. शिवाय भंडाऱ्यावर दिलेला शब्द होताच. सहीचं खरं सांगावं तर अडीच वर्षं आपण काय झाकून ठेवलं तेही सांगावं लागणार. एसटीत असं कधी झालं नव्हतं. तिथं फारच हाताबाहेर गेलं तर दोरी ओढून गाडी थांबवता यायची. इथं उतरायला जागाच नव्हती. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत.

शेवटी त्यांनी पेटी उघडली आणि त्याच पेनानं तारीख टाकली. मनाशी हिशेब असा केला, की सही नवऱ्याची आहे, बाई चारचौघांत नवऱ्याला उघडं पाडणार नाही. गप्प बसेल. हा हिशेब करताना त्यांना लाज वाटली, पण कागद त्यांनी शिवतेजच्या हातात दिला.

पंचायत समितीचे अधिकारी खात्री करायला गावात आले. ग्रामपंचायतीत सभा भरली. बाहेर पायऱ्यांवरही माणसं उभी होती. अधिकाऱ्यांनी कागद राजेश्वरीपुढं धरला. "सरपंचबाई, ही सही तुमचीच ना?"

तिनं कागद दोनदा वाचला. जयराजकडे पाहिलंही नाही.

"माझी न्हाई. हा कागद मी आज पैल्यांदा बघतीया. कुनाची सही हाय ते आण्णांना इचारा. ते खोटं बोलायचं न्हाईत."

सगळ्या माना आण्णांकडे वळल्या. जयराज डोळ्यांनी विनवत होता. शिवतेजनं दात आवळले होते. चंद्राबाई पदराचा काठ चाळवत जमिनीकडे बघत होत्या. आण्णा उठले, आणि त्यांच्या डोळ्यांपुढं प्रांजलचा चेहरा आला. त्या घरात उद्यापासून तिचं काय होईल ते त्यांना स्पष्ट कळत होतं.

"सही जयराजनं केली," ते म्हणाले. "माझ्याच पेनानं. मी समोर बसून बघत हुतो."

मग जो गलका झाला तो काय सांगावा. शिवतेज खुर्ची पाडून आईला घेऊन बाहेर पडला आणि पायऱ्यांवरूनच ओरडला, की आमचे दोन यातून बाहेर. आघाडी तिथंच मोडली. राजेश्वरीची खुर्ची राहिली, पण आता तीन विरुद्ध सहा, आणि सहा तिकडं. ठराव मांडला की पडणार. जयराज मागच्या दारानं कधी गेला ते कुणाला दिसलं नाही. अधिकाऱ्यांनी कागदावर काहीतरी लिहून फाइल बंद केली.

माणसं पांगल्यावर राजेश्वरी आण्णांपाशी आली. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"आण्णा, आज खरं बोलला, लय बरं झालं. पन अडीच वर्षं मी तुमच्या दारावरनं येती-जाती. यकदा बी हाक मारून सांगू वाटलं न्हाई?"

शेकडो भांडणं मिटवलेले आण्णा चपला शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आण्णा बाहेरून घरी आले तर प्रांजल ओसरीवर बसलेली, बाजूला पिशवी. त्यांनी अंगणातूनच विचारलं, "हाकललं व्हय गं?"

"न्हाई. मीच आले." तिनं त्यांना पाणी आणून दिलं. "घरात लय आरडाओरडा चाललाय. सासूबाईंनी मला दिवसभर हाक मारली न्हाई. चालतंय. हुईल शांत."

"माझ्यापायी तुला..."

"आण्णा, राजेश्वरीवैनी तुमाला काय म्हनाल्या ते कळलं मला." तिनं पिशवी जवळ ओढली. "माझी सुपारी फोडली तवा मी विश्रामबागंत प्रॅक्टिकलला हुते. तुमी फोन तरी करायचा हुता. मी हो बी म्हनाले असते, काय सांगावं. शिवतेज वाईट न्हाईत. पन मला कुनी इचारलंच न्हाई."

आण्णांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. बैठकीतला तो होकार त्यांना आठवला. केवढ्या झटकन दिला होता, आणि त्यानंतर सगळ्यांनी कशी पाठ थोपटली होती. पोरीचे हात तेव्हा पिठातसुद्धा नव्हते. तीन तासांवर होती ती.

तिनं पिशवीतून एक छापील कागद काढला. राहिलेल्या शेवटच्या वर्षाचा, कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज होता. "उद्या सकाळच्या गाडीनं सांगलीला जाऊन देणार हाय. शिवतेजना सांगितलंय. तुमाला बी ठाव असावं म्हनून आले."

आण्णांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. पेन काढून, टोपण उघडून ते अर्ज ओढून घ्यायला लागले. "आन, सही कुठं करायची?"

प्रांजलनं अर्ज हळूच आपल्याकडे घेतला.

"ऱ्हाऊ द्या, आण्णा," ती म्हणाली. "सही मी केलीया."

आण्णांनी पेनाला टोपण लावलं.