शिंगाला बांधलेला काठ

अन्याय झाला तो माझ्या मायवर, कडूबाईवर. दुष्काळ हटला त्या साली, पोळ्याच्या दिवशी, उन्हं उतरताना, वेशीत, सगळ्या गावादेखत. हे आधीच लिहून ठेवते. उद्या कुणी 'असं काही झालंच न्हाई' म्हणायला नको.

आमचं गाव भोकरदनजवळ. माय पाटलाच्या गोठ्यात राबायची. पोळ्याआधी पाटलीणबाई तिला एक उतरलेलं लुगडं द्यायच्या. देताना काठ कापून घ्यायच्या. दरवर्षी. मला वाटायचं, काठ भारी असतो, ठेवून घेत असतील.

त्या वर्षी मायनं डोकं चालवलं. तिचं लग्नातलं लुगडं मधून विरलं होतं, पण काठ शाबूत. कापड आधी जातं, काठ मागून. तिनं पाटलिणीचं बोडकं लुगडं पुडीच्या हिरव्या रंगात बुडवलं आणि आपला काठ उसवून त्याला लावला. टाका असा बारीक की जोड दिसू नये. आम्ही बौद्ध झालो तरी अंगावर गावाचं उतरलेलंच, याची मला लाज वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा वाटली नाही.

तेच नेसून ती वेशीत बैल बघायला आली. पाटलीणबाईंची नजर काठावर गेली.

"ए कडू, हे काठाचं कुणाचं गं उचललंस?"

माय म्हणाली, लुगडं तुम्हीच दिलेलं, काठ माझा. कुणाला पटेना. एक बाई म्हणाली, "हिच्या पेटीत लुगड्याला काठ फुटतेत जणू." बाया हसल्या. पाटलीणबाईंनी फर्मावलं, उसवून दाखव. माय तिथंच धुळीत बसली. नेसलेल्या लुगड्याचे टाके दातानं तोडत गेली. हातभर काठ लोंबायला लागला, खालची कापलेली कड दिसली. चोरी नाही, हे बराबर सिद्ध झालं.

मला वाटलं, संपलं.

पाटलीणबाई म्हणाल्या, "चोरलं न्हाई ते कळलं. पण मी काठ काढून देते, तो तू परत लावतीस कशी?"

मी मान वर केली. पाटलाचे बैल वेशीतून चालले होते. शिंगांना त्याच लुगड्याचा कापून घेतलेला काठ, जरीसकट. मी दरवर्षी बघत आले होते. कळलं त्या दिवशी. काठ कुणी ठेवून घेत नव्हतं. बैलाला चालत होता, मायला चालत नव्हता. लांबूनच ओळखू यावं, ही उतरलेल्यातली. एवढंच काम त्या कात्रीचं.

घरी येऊन मी पत्र्याची पेटी पालथी केली. आपलं एकीकडं, उतरलेलं एकीकडं. उतरलेल्याचा ढीग वाढतच गेला. पोलकी, धोतरं, वाकळेसाठी राखलेल्या चिंध्यासुद्धा. आपलं म्हणजे मधून विरलेली दोन लुगडी आणि माझे शाळेचे कपडे. माय घाबरली.

"मंग नेसू काय गं? अन् गोठ्यातलं काम गेलं तर?"

कामाचं पुढं बघू, म्हटलं. नेसायचं उत्तर तिच्याच हातात होतं. मायनं दोन्ही लुगड्यांच्या चांगल्या बाजू फाडून मधोमध शिवल्या, दंड घातला, हिरव्या लुगड्याचा काठ पुरता उसवून त्याला लावला. टाके मोठे घाल म्हटलं. जोड दिसू दे.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात माय ते नेसून बाहेर पडली. मी उतरलेल्याचं गाठोडं पाटलाच्या ओट्यावर टाकलं.

"काठ बैलाला दिला, आता लुगडं बी त्यालाच नेसवा."

काम गेलं. माय परक्या गावच्या शेतात रोजानं जायला लागली. ते मी लपवत नाही.

तेव्हापासून कुणी मायेनं कापड पुढं केलं की मी आधी कात्री शोधते. हल्ली भोकरदनात जुने कपडे वाटायला चांगली माणसं येतात. गोड बोलतात. फोटो काढतात. मी कड तपासते.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही घेणारे असाल तर आजच पेटी पालथी करा. उतरलेलं वेगळं काढा आणि ज्याचं त्याच्या ओट्यावर ठेवून या, दिवसाउजेडी. आणि देणारे असाल, तर गाठोडं सोडण्याआधी सांगा: त्यातून काय कापून घेतलंत?