मास्तरांचं मशीन थांबलं की

“मी बातमी फोडतो? मी?” मास्तरांनी कात्री टेबलावर आपटली. “एकोणीस वर्षं पंच म्हणून जातोय. कुठे चाललोय ते तुला तरी कधी सांगितलं का?”

“सांगायला कशाला हवं?” बायको आतून म्हणाली. “अख्ख्या गावाला कळतं, मला कळणार नाही होय?”

“काय कळतं गावाला?”

“भर दुपारी मशीन थांबतं. मग तुम्ही तो काळा कोट चढवता. मग शटर खाली ओढता आणि वर पाटी लावता, ‘महत्त्वाच्या कामामुळे बंद’. आता दवंडी तेवढी पिटायची राहिलीय.”

“कोट मी कायद्याचा मान म्हणून घालतो.”

“कायद्याला उकडत नाही का रे दुपारचं?” मास्तरांच्या आईने भाजी निवडता निवडता विचारलं. एरवी तिने मेली तरी सुनेची बाजू घेतली नसती. त्यामुळे मास्तर जास्तच दुखावले.

मास्तर गावातले एकमेव शिंपी. घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मधे पडदा, पडद्यामागे संसार. पोलीस छापा घालतात तेव्हा बरोबर दोन त्रयस्थ माणसं लागतात. काय सापडलं ते त्यांनी डोळ्यांनी बघायचं, पंचनाम्यावर सही करायची आणि पुढे कोर्टात तेच सांगायचं. ‘पंच म्हणून चला’ म्हटलं की गावात कुणाची कंबर धरायची, कुणाचे पाहुणे दारात उभे राहायचे. दुसरा पंच दर वेळी पकडून आणावा लागे. पहिले मात्र मास्तर ठरलेले. जमादारांचा फोन यायचा, ते नुसतं “या” म्हणायचे, आणि मास्तर जायचे.

त्यांना ते आवडायचं, हे खरं. एकदा कोर्टात वकिलाने डाफरून विचारलं होतं, “हीच पिशवी कशावरून?” मास्तर शांतपणे म्हणाले, “शिवण उलट्या बाजूने घातलीय, आणि डाव्या कोपऱ्यात तीन टाके सुटलेत.” पिशवी उलटीपालटी केली, तीन टाके सुटलेले निघाले. न्यायाधीश हसले. ते हसू मास्तरांनी घरी आणून आठ दिवस वाढलं होतं.

पण या वर्षी गावात गांजाच्या पुड्या फिरायला लागल्या आणि सगळं बिनसलं. सहा छापे, सहाही कोरडे. गोठ्यात शेण, माळ्यावर कोळिष्टकं, एका घरात तर मालकिणीने सगळ्यांना बसवून पाणी दिलं आणि म्हणाली, “उशीर केलात.” नवे साहेब भडकले. काल जमादारांनी मास्तरांना बाजूला घेतलं. “आधी कळतं तिघांनाच. साहेब, मी आणि तुम्ही. साहेबांवर मी संशय घेऊ शकत नाही, माझ्यावर मी घेणार नाही. आता उरलं कोण? उद्याचा छापा कोरडा गेला, तर बातमी फोडणारा म्हणून तुमचं नाव वहीत लिहिलंय, ते वर पाठवीन.”

मास्तर रात्रभर कूस बदलत राहिले आणि सकाळी भांडण काढून बसले.

“बरं, माझं चुकलं,” शेवटी ते म्हणाले. “आज तीनला जायचंय. कुठे ते विचारू नको.”

“समोरच्या पंक्चरवाल्याकडे,” आई म्हणाली.

“हळू! तुला कुणी सांगितलं?” मास्तर म्हणाले.

“अरे, गावात सायकली आहेत तेवीस. त्याच्याकडे रोज पन्नास जण हवा भरायला येतात. मी इथे बसून दुसरं करते काय?”

बायकोने हात पुसले आणि पडदा सारून दुकानात आली. दुपारी उन्हासाठी शटर अर्धं खाली असायचं. रस्त्यावरून दिसायचे ते फक्त मास्तरांचे पाय आणि मशीनच्या पेडलची वरखाली. ती वाकून बाहेरून बघून आली.

“तुमची विजार द्या,” ती म्हणाली.

“काय?”

“विजार. आणि चपला. मशीन थांबणार नाही आज.”

“तुला कुठे येतं मशीन?”

“माहेरी काय मी माशा मारत होते? लग्न झाल्यावर तुम्हीच म्हणालात, हात बदलला की सुई बिघडते. म्हणून बावीस वर्षं हात लावला नाही.”

विजार तिच्या कमरेला बसेना. शेवटी मापाच्या टेपने बांधली. आईला हसता हसता ठसका लागला. तीनला दहा मिनिटं कमी असताना मास्तर घरातल्या शर्टात, हातात कचऱ्याची बादली घेऊन मागच्या दाराने निघाले. पुढे मशीन खडखडत होतं. समोर पंक्चरवाला ते ऐकत निवांत विडी ओढत होता.

बादली हातात घेऊनच ते छाप्यात सामील झाले. पंक्चरवाला पोलिसांकडे न बघता आधी मास्तरांकडे बघत राहिला, मग समोरच्या शटरखाली हलणाऱ्या पायांकडे, मग पुन्हा मास्तरांकडे. “तुम्ही इथे,” तो म्हणाला, “तर मग तिथे कोण?”

“ते पंचनाम्यात येत नाही,” मास्तर म्हणाले.

भिंतीवर टांगलेल्या जुन्या ट्यूब चिरल्या. आतून पुरचुंड्या पडायला लागल्या, एकामागून एक, एकेचाळीस. जमादारांचा चेहरा फुलला. मास्तरांचा मात्र उतरला. पुरचुंड्यांचं कापड निळ्या चौकड्यांचं होतं.

“कापड ओळखता?” जमादारांनी सवयीने विचारलं.

मास्तरांनी एक पुरचुंडी उलटीपालटी केली. “ओळखतो. शाळेच्या गणवेशाचं. माझ्याच दुकानातल्या चिंध्या. तेल पुसायला म्हणून हा आमच्या घरून मागून नेतो. लिहा तसंच.”

जमादार पेन धरून त्यांच्याकडे बघत राहिले. “मास्तर, हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं.”

“मग कोर्टात मी काय सांगू?”

जमादारांनी लिहिलं. मग स्वतःची वही काढली, मास्तरांच्या नावाचं कालचं पान फाडलं आणि चुरगाळून खिशात घातलं. पुढच्या छाप्यालाही मास्तरच, असं साहेबांना सांगतो म्हणाले.

मास्तर तरंगत घरी आले. दुकानात गणवेशाच्या चार चड्ड्या घडी घालून ठेवल्या होत्या. त्यांनी एक उलटी करून शिवण बघितली. दुसरी बघितली. चष्मा पुसून पुन्हा पहिली बघितली.

“रिकामं मशीन किती वेळ हाणणार?” बायको म्हणाली. विजार अजून तिच्याच अंगावर होती. “म्हणून कापड घातलं.”

“सरळ आलीय,” मास्तर कसंबसं म्हणाले. मग छातीवर हात ठेवून बोलले, “नाव वाचलं माझं. पुढच्या वेळीही असंच करू. विजार, चपला...”

“एकदा फसले ते दुसऱ्यांदा वाकून बघतील,” आई म्हणाली. “मी बघितलं असतं.”

बायकोने कमरेची टेप सोडली आणि नीट गुंडाळून मशीनच्या खणात ठेवली.

“उद्यापासून मशीनवर रोज मीच बसणार,” ती म्हणाली. “कापणं तुमचं, तेही आत बसून. तिथून मागच्या दाराने केव्हा गेलात, केव्हा आलात, गावाला पत्ता लागणार नाही. दुपारचा स्वयंपाक तुम्ही आणि आई बघून घ्या.”