आभारापासून सुरुवात

कार्यक्रम कुठलाही असो, त्यातलं सगळ्यात गप्प माणूस हेरायचं आणि आभार मानायला त्यालाच उभं करायचं, ही सोनकांबळे मॅडमची खोड होती. आमच्या नायगावच्या पंचायत समितीत त्या विस्तार अधिकारी होत्या. मी नोकरीला नवी, बसायची मागच्या खुर्चीवर, खांबाच्या आड. तरी त्यांनी मला हेरलंच.

त्याआधीच माझी चांगली फजिती झाली होती. नांदेडच्या आढावा बैठकीत साहेबांनी घरकुलांबद्दल विचारलं, मी उभी राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. सगळं पाठ होतं, हे वर. शेवटी साहेबच बसा म्हणाले. पुढच्या बैठकीत पुन्हा असं झालं तर नोकरी सोडून मुरुडला आईकडे जायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. मॅडमना तसं सांगितलंही. त्यांनी समजूत काढली नाही की धीर दिला नाही.

"आभारापासून सुरू कर," त्या म्हणाल्या. "आभार कोणी आयकत नसतं, पोरी. लोकं चपला शोधून राहिलेले असतात. चुकायला त्याच्याहून चांगली जागा न्हाई."

आणि मी चुकलेच. एका गावात शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. मी गुरुजींचे आभार मानले, मंडपवाल्याचे मानले, चहा करणाऱ्या मावशींचेही मानले, आणि शेजारीच बसलेल्या सरपंच आप्पांचं नाव विसरले. आमच्याकडे जेवणाच्या पंगतीत माणूस राहिला तर चालेल, आभारात राहून चालत नाही. आप्पा चहाला हात न लावता निघून गेले.

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला एकटीलाच आप्पांच्या घरी पाठवलं. नाव राहिलं की घरी जाऊन आभार मानायचे, एवढंच त्यांचं शास्त्र. ओसरीवर आप्पा आधी फुगूनच बसले होते. मग चहा आला आणि गाडी आपोआप घरकुलांवर गेली. गावात रेती मिळत नव्हती, गवंडी पुण्याला गेले होते, अर्ध्या भिंती तशाच उभ्या होत्या. मी नियम सांगितले, त्यांनी अडचणी सांगितल्या, आम्ही चक्क भांडलोही. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं.

मॅडमना हे सगळं सांगितलं तर त्या हसल्या. "मग बोलता येतंय की तुला. नांदेडच्या साहेबाला आप्पा समज. मधी ते माइक असतंय, तिकडं ध्यान देऊ नको."

पुढची बैठक आली. घरकुलं का अडली, असं साहेबांनी विचारलं. चांगली पुस्तकी वाक्यं घोकून आणली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. मी साहेबांकडे बघितलं आणि आप्पांची ओसरी आठवली. "साहेब, रेती मिळून नाही राहिली, अन् गवंडी पुण्याला गेलेत," मी म्हणाले. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली आणि ते पुढच्या तालुक्याकडे वळले. झालं, एवढंच. येताना एसटीत खिडकी उघडून मी सकाळी घशाखाली न उतरलेला अख्खा डबा खाल्ला. इतकी गोड भाकरी मी आजवर खाल्लेली नाही.

पुढे मॅडम बदलून अहमदपूरला गेल्या आणि गेल्या महिन्यात तिथूनच निवृत्त झाल्या. निरोप समारंभात आभार मानायला त्यांनी मला नायगावहून बोलावून घेतलं. मी मंडपवाल्यापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांची नावं घेतली. चपला शोधायला कोणी उठलं नाही. एक नाव मात्र मी मुद्दाम गाळलं आणि माइक खाली ठेवू लागले.

"माझं नाव ऱ्हायलं की गं," मॅडम खुर्चीतूनच म्हणाल्या.

"हाव मॅडम," मी म्हणाले. "उद्या घरी येते."