पापडाच्या डब्यातला कॅमेरा

आमच्या शेजाऱ्यांचा कॅमेरा पापडाच्या डब्यात राहतो. दर हिवाळ्यात आम्ही काही जण होडीने तापीपार जाऊन तंबू ठोकतो. तेव्हा ते कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात, मग टॉवेलात, मग डब्यात, आणि झाकणावरून सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून बसवतात. डबा मांडीवर. वल्ह्याचं पाणी उडालं की झाकण चाचपून स्वतःशीच म्हणतात, "कोरडं शे, कोरडं शे."

गेल्या वर्षी माझे वडीलही आले होते. नदीच्या मधोमध त्यांनी हौसेनं वल्हं हातात घेतलं. "मन्हा एक फोटू काढ रे भाऊ."

"आते नको आप्पा, पानी लागी जाई. काठवर काढसू."

काठावर चूल, तंबू, गडबड. राहूनच गेलं.

उन्हाळ्यात आप्पा गेले. हार घालायला आधार कार्डावरचा फोटो मोठा करावा लागला. शेजारी त्याच्यासमोर नुसते उभे राहिले.

यंदा होडीत डबा नव्हता. कॅमेरा उघडाच त्यांच्या गळ्यात होता. मधोमध आल्यावर त्यांनी वल्हं माझ्या हातात दिलं. शिंतोडे उडायला लागले.

"भिजी जाई ना, भाऊ."

"भिजू दे. तू आठे देख, कॅमेराकडे."

फोटो निघाला. तरी बराच वेळ त्यांनी कॅमेरा डोळ्यांवरून खाली घेतला नाही.