काटा खालीच आहे

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे. वाशीच्या मार्केटात कांदे घेतानासुद्धा मी गोणीच्या तळापर्यंत हात घालून बघते. त्यामुळे नव्वदच्या दशकात नवऱ्याने कळंबोलीहून एक जुनी डिझेल व्हॅन दारात आणून उभी केली, तेव्हा ती मला पहिल्या दिवसापासून खटकली.

व्हॅन घेतली होती सासऱ्यांसाठी. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना फार वेळ बसवत नसे, आणि शिमग्यात देवीची पालखी दारी येते तेव्हा कोकणातल्या घरी आपण असायलाच हवं, हा त्यांचा हट्ट. आदल्या वर्षी भाड्याची गाडी घाटाच्या पायथ्याशी तापली आणि आम्ही त्यांना तिथूनच माघारी आणलं. त्यानंतर कितीतरी दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून असत. म्हणून या वेळी कळंबोलीच्या गॅरेजात मागच्या सीटा काढून खाट बसवली, शेगडी आणि पाण्याची टाकी लावली, इंजिनही खोलून नीट करून घेतलं. खाट मापाची आहे का ते बघायला बाबांनाही, म्हणजे सासऱ्यांनाही, तिथे नेलं होतं.

गाडी घरी आली आणि काटा माझ्या डोळ्यांत खुपला. इंजिनाचं तापमान दाखवणारा काटा. पनवेलपर्यंत जाऊन आलो तरी तो तळ सोडेना.

"थंड आहे ते चांगलंच की," नवरा म्हणाला.

"गाडी तापते हे लपवायला कुणीतरी काटाच बंद करून ठेवलाय," मी म्हटलं. वर सकाळी गाडी सुरू केली की धूर मागे खाटेपर्यंत यायचा आणि बाबा खोकून बेजार व्हायचे. मी व्हॅन पुन्हा कळंबोलीला न्यायला लावली आणि स्वतः बरोबर गेले.

मेकॅनिकने आधी सेन्सर बदलला. काटा ढिम्म. मग सेन्सरची वायर काढून त्याने इंजिनाच्या लोखंडाला टेकवली, तर काटा सरळ वर उडाला. म्हणजे काटाही ठीक होता, वायरही. इंजिनातलं पाणीच थंड राहत होतं. माझा संशय आता मेकॅनिककडे वळला. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका गाडीवेड्याने सांगितलं होतं, की इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारा एक वॉल्व असतो. तो दाखवा म्हटलं. त्याने झाकण खोललं. आत वॉल्व नव्हताच.

"कुठे विकलात?" मी विचारलं.

"मना काय इचारता, ताई? तुमच्या बाबांनाच इचारा," तो म्हणाला. "सायेब चहाला गेलते, तवा त्यांनीच काढाला लावला."

बाबांनी जन्मभर ट्रक चालवला होता. घरी येऊन मी विचारलं, तर त्यांनी डाव्या हाताने उशीखालून रुमालात गुंडाळलेला तो वॉल्व काढून दिला. चोरी पकडली गेल्याचा भाव चेहऱ्यावर अजिबात नव्हता.

"आमी नवी गाडी हातात आली की पहिला हाच काढायचो," ते अडखळत म्हणाले. "हा अडकून घाटात गाडी तापली, तर तुमी मला परत फिरवाल. माहीत आहे मला."

मला रागही आला आणि रडूही. सगळ्या जगावर संशय घेणारी मी, आणि या माणसाचा आमच्यावर एवढासाही भरवसा उरला नव्हता. त्यात चूक आमचीच होती, हे जास्त लागलं.

तरी वॉल्वविना थंड राहणाऱ्या इंजिनाच्या धुराचं काय? निघायच्या आदल्या दिवशी त्यांना न सांगता आम्ही वॉल्व परत बसवून घेतला. धूर थांबला, काटा मधोमध येऊन स्थिरावला. घाट लागला तसा तो मधल्या रेघेच्या किंचित वर गेला आणि माझा जीव टांगणीला लागला.

"सूनबाई," खाटेपुढच्या पडद्यामागून आवाज आला. "काटा कुठे आहे?"

"खालीच आहे, बाबा."

"बरं," ते म्हणाले. प्रत्येक वळणावर त्यांनी तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं. घाट उतरल्यावर विचारणं थांबलं.

पालखी दारी आली तेव्हा आम्ही घरातली खाट ओटीवर आणून त्यांना तिच्यावर निजवलं होतं. देवीपुढे त्यांनी डावा हात कपाळाला लावला. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "सकाळी धूर नाही आला, तेव्हाच कळलं मला. चांगलं खोटं बोलतेस तू. परत जातानाही तसंच बोल."