तांबड्या मातीखालची रोपं

माझी पत्रकं कुणी वाचत नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. भुशीच्या रस्त्यावर शनिवारी गाड्यांची रांग लागते. इंजिनं चालू, काचा वर, आत गारवा. मी काचेवर टकटक करून पत्रक द्यायचे. वर मोठ्या टायपात मथळा: ‘इंजिन बंद करा, तुमचा धूर आमच्या शेतात पडतोय.’ लोक घ्यायचे, कारण फुकटचं घ्यायची माणसाला सवय असते. पुढच्या वळणावर त्यातच मक्याचं कणीस धरायचे. एकदा एका बाईंनी मला परत बोलावलं. वाटलं, काहीतरी विचारणार. त्यांना आणखी दोन पत्रकं हवी होती. मुलांचे हात तिखट-लिंबानं बरबटले होते.

याचं मला दुःख नव्हतं. राग यायचा आणि त्या रागावर पुढचं पत्रक लिहून व्हायचं. दुःख सुरू झालं ते ती आमच्या पर्यावरणाच्या गटात आल्यावर.

ती लोणावळ्याची, शिक्षकाची मुलगी, माझ्याच वयाची. गटात माझ्यानंतर दोन वर्षांनी आली. तिला पहिलं पत्रक लिहायला दिलं तर म्हणाली, “आधी लोकांना विचारूया का, त्यांना काय दिसतंय ते?”

मी म्हणाले, “विचारायचं काय त्यात? कोळसा आणि पेट्रोल जाळून हवा तापतेय. तापलेली हवा पाऊस बिघडवतेय. आणि आपण बंगल्यांसाठी डोंगर कापून त्या पावसाला वाट मोकळी करून देतोय. हे लोकांना विचारून बदलणार आहे का?”

ती हसली. त्या हसण्यात खवचटपणा असता तर मला सोपं गेलं असतं.

आमचं शेत परंदवडीला. भात, इंद्रायणी वाणाचं. भाताची रोपं जिथं टाकायची त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, वाळकं गवत रचून ते जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. तण मरतं, रोप जोमानं येतं, उपटायलाही हलकं जातं. याच्याविरुद्ध मी एक अख्खं पत्रक काढलं होतं आणि पहिलं माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या हातात दिलं होतं. ते म्हणाले, “ती हायवेवरची म्होटारींची रांग बगितली का? दिसभर जाळ चालूय. माजा राब वर्सातनं येकदा. आधी त्यांना सांगून ये.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून मी जास्त मोठ्यानं भांडले.

त्या वर्षी मे महिन्यात सलग आठवडाभर पाऊस लागला. रचलेला राब भिजून काळा गोळा झाला. आबांनी तीनदा काडी लावली. शेवटी सायकलच्या टायरचा तुकडा खाली सारला, तर नुसता धूर. मी बांधावर उभी राहून म्हणाले, “दोन वर्षं सांगतेय, भाजूच नका. उंच गादीवाफे करा, शेणखत घाला, त्यावर रोपं टाका.”

“तू पत्रकं वाट जा,” आबा म्हणाले.

त्याच आठवड्यात रविवारी ती पत्रकांचा गठ्ठा न्यायला आमच्याकडं आली. गठ्ठा बाजूला ठेवून बांधावर आबांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, “आबा, आधी मे महिन्यात असा पाऊस यायचा का हो?”

आबा. माझ्या वडिलांना मी मारायची ती हाक.

“वळीव यायचा की,” आबा म्हणाले. “तासभर. वारा, गारा, आन मोकळं. ह्यो वळीव न्हाई. ह्यो पावसाळ्याचा पाऊस मेमंदी आलाय, आन पावसाळ्यात येतो तवा आठ दिस गायब. मंग येतो तो बादली उपडी केल्यावानी.”

दोन तास बोलत होते. हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आता लिहिताना कळतं, मी कधी विचारलं नव्हतं. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की माझा बाप दुसऱ्याच्या मुलीशी बोलतोय.

ती म्हणाली, “हवा तापली की जास्त पाणी धरून ठेवते आबा. मग सोडते ती एकदम.”

हे माझ्या तिसऱ्या पत्रकात होतं, दुसऱ्या परिच्छेदात. जवळपास याच शब्दांत.

“आसं व्हय,” आबा म्हणाले. “मंग बराबर हाय.”

पुढं तिनं विचारलं, राब पेटलाच नाही तर काय करायचं. आबांनी थोडा वेळ राबाकडं बघितलं आणि म्हणाले, “वाफं उचलून घेतलं तर? शेणखत घालून?” जणू त्यांनाच सुचलं. ती म्हणाली, “करून बघूया.” आईनं तिला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. कडेला जराशी करपलेली भाकरी मला आवडते, हे आईला माझ्या लहानपणापासून माहीत आहे. ती भाकरी त्या दिवशी तिच्या ताटात गेली.

“लय गुनाची पोरगी,” ती गेल्यावर आई म्हणाली. “आवाज कसा, ऐकत ऱ्हावा आसा.”

दोन दिवसांनी मी शेताच्या वरच्या अंगाला असलेल्या टेकडीवर गेले. तिथं प्लॉट पाडायचं काम चालू होतं आणि चारी बाजूंनी पत्रे ठोकलेले. खालून काही दिसायचं नाही. मी पत्र्यांमागून वर चढले. टेकडी अर्धी खरवडलेली, तांबडी माती उघडी पडलेली, आणि जेसीबीनं एक ताजा चर खणला होता. त्यांच्या प्लॉटात पाणी साचू नये म्हणून सगळं पाणी दुसरीकडं वळवलेलं. चर कुठं जातो ते मी बघत गेले. तो आमच्या शेताच्या बरोबर माथ्यावर संपत होता. खाली भिजलेल्या राबाचा काळा ठिपका दिसत होता. मी फोटो काढला. चर, तांबडी माती आणि खाली आमचा राब, सगळं एका चौकटीत.

घरी जाऊन सांगायला दहा मिनिटं लागली असती.

मी सांगितलं नाही. आबांनी ते तिला सांगितलं असतं. तिनं ते ग्रामसभेत शांतपणे मांडलं असतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. हे एक तरी माझं असावं असं मला वाटत होतं. माझा फोटो, माझा मथळा. छापायला किती दिवस लागणार आहेत, असा विचार केला. पुढं छापखान्यात लग्नपत्रिकांचं काम निघालं आणि दिवस गेले.

दरम्यान वाफे झाले. बी टाकलं. रोपं चार बोटं आली, पोपटी, एकसारखी. ती दर रविवारी यायची आणि आबा तिला वाफे दाखवायचे.

मग एका सकाळी पाऊस आला. पूर्वी दिवसभर झिमझिमत पडायचा तेवढा दोन तासांत पडला. चर भरून वाहिला. आम्ही पोचलो तेव्हा वाफ्यांच्या जागी तांबड्या चिखलाची साय होती आणि तिच्यातून कुठं कुठं एखादं पातं वर आलेलं. आबा खाली बसले. हातानं चिखल सारून एक रोप उचललं, बघितलं, परत ठेवलं. वर्षाचं भात त्या चार वाफ्यांत होतं.

टेकडीवरून पाणी दरवर्षी येतं, त्यामुळं त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. गाव दुसरंच बोललं. शेजारचे माझे चुलते येऊन म्हणाले, “भाजलेली जमीन धरून ऱ्हाती. पोरीबाळींचं ऐकून शेती केल्यावर हेच व्हनार.” पोरीबाळी म्हणजे ती. मला त्यात धरलेलं नव्हतं.

ती आली. चिखलाकडं बघितलं आणि आबांपुढं हात जोडले. “आबा, माझ्यामुळं झालं.” आबा चिखलातली पाती चाचपत राहिले. आईनं तिला जेवायला थांब म्हटलं नाही.

मला बरं वाटलं. पुढचे दोन दिवस बरं वाटत होतं. राब न भाजता रोपं टाकायची पद्धत, जिच्यासाठी मी दोन वर्षं घसा फोडला, ती गावात कायमची बदनाम होत होती. आणि मला बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी छापखान्यातून गठ्ठा आला. ‘आमची रोपं कुणी गाडली?’ असा मथळा, रोपं गेली त्याच दिवशी बदलून दिलेला, खाली तो फोटो पानभर. गठ्ठा मी ओट्यावर ठेवला. आईनं एक कागद उचलला. माझ्या पत्रकांवर ती लसूण सोलते. पण फोटो बघून थांबली.

“ह्यो फोटू कवा काढला?”

“असाच. मागं.”

“ह्यात राब हाय. वाफं न्हाईत अजून.”

आबांनी तिच्या हातातून कागद घेतला. प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत पूर्ण वाचला. माझं पत्रक पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत कुणीतरी वाचत होतं, आणि मला तो कागद हिसकावून घ्यावासा वाटत होता.

“म्हंजी तुला म्हाईत व्हतं.”

“हो.”

“आन तू गप ऱ्हायलीस. तू.”

“तुम्ही तिला सांगितलं असतं,” मी म्हणाले.

आई म्हणाली, “येवड्यासाटी?”

आबांनी कागदाची घडी घातली. “फावड्यानं त्यो चर वढ्याकडं फिरवायला आर्धा दिस लागला आसता.” घडी खिशात घालून म्हणाले, “रोपं मागायला तू जायचं. आन काय झालं ते सांगून मागायची.”

आमच्याकडं रोपं विकत घेत नाहीत. भात लावून झालं की ज्याची उरली त्याच्या दारात जाऊन मागायची. सगळ्यांत आधी चुलत्यांकडं गेले.

“राब भाजला आसता तर ही येळ आली नसती,” ते म्हणाले.

“रोपं राबामुळं गेली नाहीत. टेकडीवरच्या चरामुळं गेली. चर मला आधीपासून माहीत होता. मी सांगितलं नाही.”

“का?”

“जळत होते तिच्यावर.”

“भुईपेक्षा तूच जास्त भाजलीस म्हन की,” ते म्हणाले. “लावनी झाल्यावर ये. उरत्याल दोन-चार मुठी. आन येताना ते पत्रक आन, काय लिवलंय बगू.”

सात दारं फिरले. तिसऱ्या दारापासून सगळी कबुली दोन वाक्यांत बसायला लागली.

मग लोणावळ्याला तिच्या घरी गेले. तिनं ऐकलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. “तुझ्या आबांपुढं हात जोडले मी. तू मागं उभी होतीस.” होतेच. ती चिडलेली बघून मला जरा समाधान वाटलं, हेही खरं. मग तिनं फोटो मागितला, ग्रामसभेत दाखवायला.

“मी दाखवणार,” मी म्हणाले.

“दाखव. पण कधी काढलास तेही सांग.”

मी सांगितलं. सभेत लोक हसले, मग फोटोकडं बघून हसायचे थांबले. दुसऱ्या दिवशी फावडी घेऊन नऊ जण वर गेले आणि चर ओढ्याकडं वळवला. प्लॉटवाल्यांचा माणूस आडवा आला होता. त्याच्याशी बोलायचं काम मला दिलं. ते मला जमतं.

लावणी उशिरा झाली. सात घरच्या मुठी, कुठं उंच रोप, कुठं बुटकं. एक खाचर पडीकच राहिलं. ती आली, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्या शेजारच्या ओळीत वाकली. आबा बांधावरून फिरत आले. तिच्या ओळीकडं बघून म्हणाले, “झ्याक.” माझ्या ओळीकडं बघून म्हणाले, “दाट झाली. मागून आनल्यात, पुरवून लाव.”

दाट झाली होती खरी. मी मागं वळले, एकाआड एक रोप उपटून हातात घेतलं आणि पुढं लावत गेले.